कॉलनीमागच्या शेतावर डेटा सेंटर येणार असेल तर हरकत कुठे आणि कशी घ्यायची

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरच्या बाजूच्या एका कॉलनीतून रहवासी संघाच्या सचिवताईंनी विचारलं आहे: "आमच्या मागच्या भिंतीला लागून शेतजमीन आहे. तिथे डेटा सेंटर येणार आणि त्यासाठी भूवापर बदलणार, असं कळलं. आम्ही पार्षदांना (नगरसेवकांना) भेटलो, तर ते म्हणाले की निगमच्या सभेत असा विषयच आलेला नाही. गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलं की राजवाड्यावर धरणं द्यायचं. पण आमचं म्हणणं नेमकं कुणापुढे मांडायचं? पाणी, वीज, आवाज यांची भीती खरी आहे का? आणि हे थांबवता येतं का?"

ताई, पार्षद खरं तेच बोलले. इंदुरात जमिनीचा वापर बदलण्याचा निर्णय नगर निगम घेतच नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन आणि भूवापराचं नियमन हे विषय अगदी पहिल्या दोन क्रमांकांवर ठेवले, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हे काम आपल्या ८५ पार्षदांच्या सभागृहात होत असणार. प्रत्यक्षात आपल्याकडे मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चालतो. त्यात विकास योजना, म्हणजेच मास्टर प्लान, तयार करतात नगर तथा ग्राम निवेशचे संचालक, म्हणजे आपण ज्याला टीएनसीपी म्हणतो ते खातं, आणि मंजूर करतं राज्य शासन. मंजूर योजनेत एखाद्या तुकड्याचा रंग बदलायचा असेल तर तेही शासनच करतं, बहुतेक वेळा त्याच कायद्याच्या धारा (कलम) २३-ए खाली. तुमची धरण्याची ताकद राजवाड्यावर खर्च होईल आणि फाइल भोपाळला पुढे सरकत राहील, ही माझी पहिली काळजी आहे. धरणं द्या, पण हरकत दाखल झाल्यावर.

ही धारा २३-ए नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिच्यात आहे. शासकीय प्रकल्प किंवा राज्याच्या विकासाशी संबंधित प्रकल्प असेल, तर शासन या धारेखाली विकास योजनेत फेरबदल करू शकतं. "राज्याच्या विकासाशी संबंधित" या शब्दांत खाजगी डेटा सेंटरही बसवता येतं. फेरबदलाचा मसुदा आणि सूचना दोन दैनिकांत सलग दोन दिवस छापावी लागते, कलेक्टर कार्यालयात लावावी लागते आणि त्या तारखेपासून १५ दिवसांत लेखी हरकती-सूचना घ्याव्या लागतात. मग ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सुनावणीची संधी द्यायची आणि त्यानंतर शासन फेरबदल कायम करतं. अख्खी योजना बनते तेव्हा हरकतींना ३० दिवस मिळतात आणि धारा १७-ए ची समिती बसते, ज्यात महापौर, खासदार, आमदार असतात. पण २३-ए च्या फेरबदलाला ही पद्धत सांगणाऱ्या धारा १८, १९ आणि २२ लागू होत नाहीत, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे महापौरांच्या समोरून ही फाइल जाण्याची सोयच नाही. मला हे चुकीचं वाटतं. ज्या संस्थेला उद्या त्या जागेला पाणी, रस्ता आणि ड्रेनेज द्यायचं आहे तिचं मत निर्णयाआधी घ्यायलाच हवं. पण आज कायदा आहे तो असा आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पुढे पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तेव्हा बोलू, असं अनेकजण धरून चालतात. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामाचं मूल्यांकन) अधिसूचनेत २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते हे खरं, पण इमारत आणि क्षेत्रविकासाच्या त्या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची सम्मती, डिझेलच्या साठ्याचा परवाना, निगमची बांधकाम परवानगी, यांतल्या कुठल्याही टप्प्यावर शेजाऱ्याला बोलावून ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे या संपूर्ण प्रवासात कायद्यानं तुमचं ऐकायलाच लागतं अशी जागा व्यवहारात एकच उरते, ती म्हणजे ते १५ दिवस. म्हणून मी प्रत्येक रहवासी संघाला सांगतो की इतर सगळं नंतर, आधी त्या १५ दिवसांची तयारी.

तयारी सूचना छापून येण्याच्या आधीपासून करायची असते. भिंतीपलीकडच्या जमिनीचे खसरा (सर्व्हे) नंबर, गावाचं नाव आणि पटवारी हलका (तलाठी सजा) नंबर काढून ठेवा. मग टीएनसीपीच्या इंदूर कार्यालयात जाऊन त्या खसऱ्याचा विकास योजनेतला भूवापर अधिकृतपणे मागा. इथे तीन शक्यता असतात आणि तिन्हींत तुमचा रस्ता वेगळा आहे. पहिली, जमीन योजनेत आधीच वाणिज्यिक, औद्योगिक किंवा आयटीला चालेल अशा वापरात असेल. मग भूवापर बदलण्याचा प्रश्नच येत नाही, २३-ए ची सूचना कधी निघणारच नाही आणि तुम्ही तिची वाट बघत बसाल. अशा वेळी लक्ष द्यायचं ते विकासाच्या परवानगीसाठीच्या धारा २९ च्या अर्जावर आणि धारा ३० च्या परवानगीवर. दुसरी, जमीन निवासी किंवा कृषी वापरात असेल, तर २३-ए. तिसरी, शहराभोवतीच्या ज्या गावांचा निवेश (नियोजन) क्षेत्रात समावेश झाला पण ज्यांचा भूवापर योजनेनं अजून ठरवलेला नाही तिथे धारा १६ लागते आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही. तुम्ही सुपर कॉरिडॉरलगत आहात, म्हणून इंदूर विकास प्राधिकरणाच्या एखाद्या योजनेत हे खसरे येतात का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या. तसं असेल तर पक्षकारांत प्राधिकरणही येतं.

"मास्टर प्लान २०२१ तर संपला ना, मग हे सगळं कशाच्या आधारावर?" असं मला नेहमी विचारतात. नावातलं २०२१ हे नियोजनाचं वर्ष आहे. १ जानेवारी २००८ ला लागू झालेली ती योजना नवी योजना मंजूर होऊन लागू होईपर्यंत चालूच राहते. त्यामुळे "प्लानच अस्तित्वात नाही" हा मुद्दा हरकतीत लिहू नका, तो पहिल्याच वाक्यात खोडला जातो आणि बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचं वजन कमी होतं.

तसंच डायव्हर्शनच्या, म्हणजे महसूल खात्यात शेतजमीन बिगरशेती करून घेण्याच्या, मागे लागून वेळ घालवू नका. पूर्वी एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) डायव्हर्शनचं प्रकरण चालायचं आणि तिथे हरकत घेता यायची, ही जुन्या लोकांची आठवण बरोबर आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भू-राजस्व संहितेची धारा १७२ गेली. आता भूमिस्वामी स्वतः हिशोब करून प्रीमियम आणि कर भरतो आणि सूचना देतो. योजनेतला वापर अनुकूल असला की डायव्हर्शन ही महसुलाची नोंद उरते.

माहितीच्या अधिकाराबद्दलही एक सावधगिरी. त्यात उत्तराला ३० दिवस असतात आणि हरकतीला १५. सूचना छापून आल्यावर अर्ज टाकलात तर उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असेल. अर्ज आजच टाका: या खसऱ्यांबाबत भूवापर बदलाचा, धारा १६ चा किंवा धारा २९ चा कुठला प्रस्ताव आलेला आहे का, त्यासोबत जोडलेला प्रकल्प अहवाल, पाणी आणि विजेची मागणी. आणि सूचना आली की कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन मसुदा पाहण्याचा तुमचा हक्क आहे, तो वापरा. घरी येणारं हिंदी दैनिक एक असतं, सूचना दुसऱ्याच दोन दैनिकांत येते. संघातल्या चार घरांनी चार वेगवेगळी दैनिकं वाटून घ्यावीत आणि आतल्या पानांवरच्या शासकीय सूचना रोज वाचाव्यात. सापडली की पूर्ण पान तारखेसह जपून ठेवा. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते आणि सूचना नियमाप्रमाणे निघाली नसेल तर पुढे कोर्टात तोच पहिला मुद्दा असतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, भीती खरी आहे का. इथे थोडं आकडेमोडीत शिरावं लागेल, कारण सुनावणीत हीच तुमची शिदोरी आहे.

डेटा सेंटर चौरस फुटांत मोजू नका, मेगावॉटमध्ये मोजा. समजा प्रस्ताव २० मेगावॉट आयटी लोडचा, म्हणजे फक्त आतल्या संगणकांच्या (सर्व्हरच्या) विजेचा, आहे. म्हणजे आतले सर्व्हर पूर्ण भारावर दिवसाला ४,८०,००० युनिट खातील. सर्व्हरखेरीज थंडाव्याला आणि इतर गोष्टींनाही वीज लागते; ती धरून एकूण वीज सर्व्हरच्या विजेच्या किती पट, ते गुणोत्तर पीयूई म्हणून सांगतात. ते १.५ धरलं तर दिवसाला ७,२०,००० युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराच्या हिशोबानं ही एक लाखाहून जास्त घरांची वीज झाली. प्रत्यक्षात पूर्ण भार क्वचित असतो आणि सुरुवातीची काही वर्षं तर बरीच जागा रिकामी असते, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेवा. पण वाहिनी आणि सबस्टेशन पूर्ण भारासाठीच बांधावं लागतं. एवढी वीज तुमच्या कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरवरून जात नाही. ती अति-उच्चदाबाच्या स्वतंत्र वाहिनीनं येते, त्यामुळे "आमची लाइट जाईल" हा मुद्दा कमकुवत आहे. विचारायचं ते हे की ती वाहिनी कुठून येणार, मनोरे कुणाच्या अंगणाजवळून जाणार, की केबल जमिनीखालून येणार, आणि त्यासाठी खणलेला रस्ता कोण आणि किती दिवसांत पूर्ववत करणार.

पाण्याची गोष्ट जास्त नाजूक आहे. बाष्पीभवनावर थंडावा घेणाऱ्या यंत्रणेला सर्व्हरच्या दर युनिटमागे सुमारे १.८ लिटर पाणी हा उद्योगात प्रचलित सरासरी अंदाज आहे. २० मेगावॉटला तो लावला तर दिवसाला ८,६४,००० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी १३५ लिटर आहे, म्हणजे हे साधारण ६,४०० माणसांचं पाणी. आता हे पाणी इंदुरात कुठून येतं? नर्मदेहून. १९७० च्या आंदोलनात या शहरानं रस्त्यावर उतरून ते मिळवलं, १९७८ मध्ये ते आलं, आणि आजही नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप करत करत ते वर चढवावं लागतं. त्या पंपांचं वीजबिल निगमला इतकं जड जातं की २०२३ च्या फेब्रुवारीत निगमनं २४४ कोटी रुपयांचे ग्रीन बाँड काढले, तेही जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून ते बिल हलकं करायला. ज्या शहरात प्रत्येक लिटरमागे वीज जाळली जाते, त्या शहरानं पिण्याचं पाणी सर्व्हर थंड करायला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बोअरवेलचा पर्याय तर विचारातही घेऊ नका. आपल्याकडे उन्हाळा आला की पेयजल परिरक्षण अधिनियम १९८६ खाली कलेक्टर नवीन बोअरवर बंदी घालतात, ती उगाच नाही.

पण नर्मदेचं पाणी नाकारलं म्हणजे डेटा सेंटर अशक्य होतं असं नाही. दोन मार्ग आहेत. एक, शुद्ध केलेलं सांडपाणी. एकट्या कबीटखेडीला २४५ एमएलडीचं (दिवसाला २४.५ कोटी लिटर) सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे आणि २०२१ मध्ये शहराला देशात पहिलं वॉटर प्लस प्रमाणपत्र मिळालं ते याच कामावर. ते पाणी आणखी एका पायरीनं शुद्ध करून वाहिनीनं न्यायचा खर्च प्रकल्पानं करावा. दुसरा मार्ग, हवेवर चालणारे चिलर (थंडावा देणारी यंत्रं), ज्यांना पाणी जवळजवळ लागत नाही. प्रकल्पवाले सुनावणीत मोठ्या अभिमानानं सांगतात की आमचं सेंटर पाणी वापरतच नाही. ते ऐकून लोक समाधानानं खाली बसतात. तिथेच उभं राहून पुढचा प्रश्न विचारायचा असतो, कारण पाणी वाचवणारी यंत्रणा वीज जास्त खाते आणि आवाज जास्त करते. त्या चिलरचे पंखे गच्चीवर दिवसरात्र फिरतात.

आवाजावर मी मुद्दाम जास्त लिहितो. तुमच्या घरांना पुढची कित्येक वर्षं रोज भेटणारी गोष्ट तीच आहे, आणि हरकतींमध्ये सर्वांत कमी लिहिली जाणारीही तीच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यावसायिक क्षेत्रात ६५ आणि ५५. औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. म्हणजे भिंतीपलीकडचा तुकडा निवासीचा वाणिज्यिक किंवा औद्योगिक झाला की वर्गवारीचा वाद तिथूनच सुरू होतो: मोजणी कुठे करायची, मर्यादा कुठली धरायची. म्हणून आजच मागून घ्या की प्रकल्पाच्या हद्दीवर, तुमच्या बाजूला, रात्रीची ४५ ची निवासी मर्यादाच पाळली जाईल आणि हद्दीवर कायमचं मोजणी यंत्र बसेल ज्याचे आकडे कुणालाही पाहता येतील.

कंपन्या ध्वनीचे आकडे कसे देतात तेही बघा. प्रकल्प अहवालात एका चिलरचा आवाज अमुक अंतरावर ५० डेसिबल, असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, ठीकच आहे. पण डेसिबल हे गुणाकाराचं माप आहे. तसं दुसरं यंत्र शेजारी चालू झालं की ३ वाढतात, आणि एकसारखी दहा यंत्रं चालली की १०. म्हणजे तिथे ६० ऐकू येणार. शिवाय यंत्रं गच्चीवर असली तर तुमच्या बाजूची दहा फुटी भिंत काही अडवत नाही, दुसऱ्या मजल्याच्या बेडरूमला ती सरळ समोर दिसतात. तेव्हा मागा काय, तर सगळी यंत्रं एकत्र चालू असतानाचं, मे महिन्यातल्या उष्णतेचं, तुमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीपाशीचं ध्वनी-अनुमान. हे शब्द असेच्या असे लिहा. हे गणित करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, सल्लागार आहेत, प्रकल्पाला ते अवघड नाही.

मग जनरेटर. वीज गेली तर पूर्ण भार जनरेटरवर उचलायचा असतो, म्हणजे २० च्या दीडपट, ३० मेगावॉट. युनिटमागे साधारण पाव लिटर डिझेल धरा: तासाला ७,५०० लिटर, एका दिवसाची सोय ठेवायची तर १,८०,००० लिटरचा साठा. पेट्रोलियम कायद्यात २,५०० लिटरच्या वर डिझेल साठवायला परवाना लागतो, त्यावरून हा साठा किती मोठा आहे ते कळेल. टाक्या कुठे, तुमच्या भिंतीपासून किती अंतरावर, टँकर कुठल्या रस्त्यानं येणार आणि अग्निशमनाचा बंब तिथवर पोहोचतो का, हे चार प्रश्न लेखी विचारा. जनरेटर वीज जाईपर्यंत गप्प उभे असतात असंही समजू नका, त्यांची चाचणी नियमित घ्यावी लागते. चाचणी फक्त दिवसा, ठरलेल्या वेळी आणि एका वेळी ठरावीक संख्येनं, ही अट परवानगीत बसवता येते.

एवढं सगळं लिहून मी तुम्हाला विरोध करायला सांगतो आहे असं वाटेल. तसं नाही. फोनवरून केलेलं प्रत्येक पेमेंट, दवाखान्यातला रिपोर्ट, मुलांचा निकाल, सगळं कुठल्या तरी डेटा सेंटरमध्येच असतं. केंद्रानं २०२२ पासून डेटा सेंटरला पायाभूत सुविधांच्या यादीत धरलं आहे आणि राज्यांत त्यासाठी चढाओढ आहे. इंदुरात ती यावीत. पण माझ्या मते त्यांची जागा पीथमपूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात आहे, जिथे मोठ्या दाबाची वीज जवळ आहे आणि घरांपासून लांब जागा मिळू शकते. रोजगाराचं आश्वासन तोलूनमापून घ्या. बांधकाम चालू असताना माणसं लागतात, नंतर एवढ्या मोठ्या इमारतीत कामाला थोडीच राहतात. निगमलाही मालमत्ता कर तेवढा मिळतो, विजेवरचं शुल्क राज्याचं असतं.

आणि हेही बघा की त्या शेतावर शेत काही कायम राहणार नाही. डेटा सेंटर आलं नाही तर गोदाम येईल आणि रात्रभर ट्रक येतील, किंवा परवानगीविना प्लॉट पडतील आणि ड्रेनेज तुमच्या लाइनीला जोडलं जाईल. रुंद मोकळी जागा सोडून, झाडांची पट्टी लावून, यंत्रं पलीकडच्या बाजूला बसवून बांधलेलं डेटा सेंटर यापेक्षा बरा शेजारी ठरू शकतं. म्हणून संघाच्या बैठकीत आधी हे ठरवा की तुम्हाला ते नकोच आहे, की या अटींवर चालेल. दोन्ही भूमिका कायद्यात बसतात. हरकतीत दोन्ही लिहिता येतात: मुख्य मागणी नामंजुरीची, आणि ती मान्य न झाल्यास या या अटी.

हरकत एका पानाची, फार तर दीड पानाची हवी. सुरुवात अशी करा: "ग्राम अमुक, पटवारी हलका अमुक, खसरा क्रमांक अमुक यांच्या भूवापर बदलाच्या दिनांक अमुकच्या सूचनेसंदर्भात. आमची वसाहत प्रस्तावित जमिनीच्या पूर्व सीमेला लागून असून सर्वांत जवळचं घर सीमेपासून अमुक मीटर अंतरावर आहे. आम्ही या फेरबदलामुळे प्रत्यक्ष बाधित होणारे असून आम्हाला व्यक्तिशः सुनावणी मिळावी." हे शेवटचं वाक्य गाळू नका. अंतर टेपनं मोजून लिहा, अंदाजानं नको. त्यानंतर पाणी, आवाज, डिझेल, वाहिनी आणि रस्ता, प्रत्येकावर दोन-तीन ओळी, आकडा आणि मागणी. सोबत चार फोटो आणि हातानं काढलेला का होईना, एक नकाशा. भाषा हिंदी ठेवा. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा संघाची एक हरकत आणि सीमेलगतच्या प्रत्येक घराची स्वतःची वेगळी हरकत, असं करा. सुनावणीत नावं एकेक करून पुकारली जातात आणि सह्यांचा गठ्ठा एकच हरकत म्हणून मोजला जातो. प्रत्येक प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिवाय पोस्टानं रजिस्टर्ड प्रतही पाठवा.

सुनावणीत दोन-तीन मिनिटंच मिळतात. आमच्या आजोबांनी ही कॉलनी कशी वसवली हे तिथे ऐकलं जात नाही. अधिकारी वाईट असतात म्हणून नाही. त्यांच्यापुढच्या तक्त्यात "हरकतीचा मुद्दा" आणि "अभिमत" असे रकाने असतात आणि त्यात बसेल एवढंच ते लिहून घेऊ शकतात. "रात्रीचा आवाज ४५ च्या वर जाईल, अनुमान जोडलेलं नाही" हे त्या रकान्यात बसतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. संघातली जी व्यक्ती शांतपणे आकडे सांगू शकते तिलाच बोलू द्या. हजेरीच्या कागदावर सह्या करा आणि त्याचा फोटो घ्या.

पार्षदांना मात्र मोकळं सोडू नका. भूवापर त्यांच्या हातात नसला तरी नर्मदेची जोडणी, शुद्ध सांडपाणी, रस्ता खणण्याची परवानगी आणि बांधकामाचा नकाशा हे सगळं निगमकडेच येणार आहे. त्यांनी सभेत लेखी प्रश्न लावावा की या जागेसाठी पाण्याची मागणी आली आहे का आणि निगमची भूमिका काय. निगम स्वतःसुद्धा त्या १५ दिवसांत शासनाकडे हरकत किंवा सूचना पाठवू शकते. महापौरांना भेटाल तेव्हा विनंती हीच करा. सभागृहातल्या भाषणापेक्षा निगमचं एक पत्र त्या फाइलमध्ये जास्त काम करेल.

आता थांबवता येतं का. काही वेळा येतं. भूवापर बदलासारख्या धोरणाच्या निर्णयात कोर्ट सहसा हात घालत नाही. ते बघतं की सूचना नीट निघाली का, हरकती ऐकल्या का, विचार करून निर्णय झाला का. रहिवाशांना अशा बाबतीत कोर्टात जायचा हक्क आहे हे १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तिथे बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती आणि शेजारच्या रहिवाशांनी ती परत मिळवली. तुमच्यासाठी उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आणि पर्यावरणाच्या मुद्द्यावर भोपाळचं हरित न्यायाधिकरण, दोन्ही जवळ आहेत. पण तिथे विचारलं जाणारं पहिलं वाक्य असतं, "तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का?" आवकचा शिक्का तिथे कामी येतो. आणि फेरबदल कायम झाला तरी धारा ३० ची परवानगी अटींसह देता येते, तेव्हा हरकतीतल्या अटी घेऊन लगेच टीएनसीपीकडे जा. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. अट परवानगीच्या आदेशात छापलेली असेल तरच उद्या तिच्या उल्लंघनाची तक्रार करता येते.

एक शेवटची सूचना, कारण अशा वेळी हे हटकून होतं. प्रकल्पाची माणसं तुमच्याकडे येतील, कॉलनीची बाग करून देऊ, मंदिराला रंग देऊ, गणपतीला वर्गणी देऊ म्हणतील आणि एका साध्या "सहमती पत्रा"वर संघाची सही मागतील. चहा द्या, त्यांचं म्हणणं ऐका, अहवालाची प्रत मागून घ्या. पण सुनावणी होऊन आदेश हातात येईपर्यंत संघाच्या लेटरहेडवर काहीही लिहून देऊ नका. ते पत्र दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये लागतं आणि तुमच्या सगळ्या हरकतींसमोर "रहवासी संघाची सहमती प्राप्त" असं लिहिलं जातं.